एवढा घाणा काढते आणि येते

रविवारची दुपार आहे. चार वाजता विणकर मंडळाची वार्षिक सभा, आणि मी मंडळाच्या शेडमध्ये मागाशेजारी भिंतीला टेकून माझाच ठराव वाचतेय. मंडळाच्या घटनेत ‘घरातील कर्ता पुरुष हाच सभासद’ असं आहे, ते काढा आणि ‘स्त्री-पुरुषांना समान हक्क’ असं घाला. एवढंच. साडी मी विणते. सभासद मात्र भाचा, जो पुण्यात असतो आणि ज्याने आजवर धोट्याला हात लावलेला नाही. भाऊ गेल्यावर सभासदकी त्याच्याकडे गेली. आता तो मागाची जागा सोडून द्यायची म्हणतोय, आणि त्यावर मला ब्र काढता येत नाही.

पापण्या जड होतात. एकच ओळ मी चौथ्यांदा वाचतेय, एवढं कळतं.

माग वाजायला लागतो. खटक, खटक. पाय मागाखालच्या खड्ड्यात सोडून द्वारकाआत्या विणतेय. तिला जाऊन एकवीस वर्षं झाली. खरं तर मला भीती वाटायला हवी, पण मला कधीपासून तिला एक गोष्ट विचारायची आहे.

“आत्या, तू ठराव मागे का घेतलास?”

“कोणता गं?”

“हाच. मंडळाच्या जुन्या वहीत लिहिलंय, द्वारकाबाईंनी ठराव मागे घेतला. तू? तू तर कर्ज वसूल करायला आलेल्या माणसालाच चहाची भांडी घासायला लावली होतीस.”

आत्या हसते. खड्ड्यात पाणी आहे, आणि तिचे पाय त्यात निवांत हलतायत. मला त्याचं काहीच वाटत नाही.

“आप्पा काय म्हणतायत तुझे?” ती विचारते. आप्पा म्हणजे मंडळाचे अध्यक्ष.

“म्हणतात, देशाच्या घटनेत समानता लिहिलेलीच आहे, मग आपल्यात पुन्हा कशाला? आपण बायकांना मान देतोच की.”

“तेव्हा अध्यक्ष त्याचा बाप होता, तोही हेच म्हणाला. मी म्हटलं, देशाच्या घटनेत आहे म्हणूनच इथं हवी. नाहीतर या दारापर्यंत हक्क आणि दाराच्या आत मेहेरबानी.”

“मग?”

“मग त्यानं विचारलं, अनुमोदक कोण?”

आता आम्ही सभागृहात उभ्या आहोत. खुर्च्यांच्या पाठींना रेशमाचे धागे बांधलेत, एका खुर्चीपासून दुसरीपर्यंत, सगळे ताणलेले. माणसं त्यात बसलीयत आणि कोणालाच अडचण होत नाही. बायकांना इथं मत नसलं तरी ठराव मांडता येतो, अनुमोदनही देता येतं. एवढी सोय आहे.

“तुझी आई येणार होती,” आत्या म्हणते. “मी मागं वळून बघितलं. एकही बाई नाही.”

“माई कुठे होती?”

“तूच विचार की.”

भिंतीपलीकडे मंडळाचं स्वयंपाकघर, पण भिंत राहिलेलीच नाही. हौदाएवढी कढई, आणि तिच्यापुढे माई. माझ्याहून लहान दिसतेय. गल्लीतल्या सगळ्या बायका तिच्यामागे रांगेने पुऱ्या लाटतायत. सभेनंतर जेवण असतं ना. दरवर्षी असतं.

“माई, आत्या वाट बघतेय!”

“आलेच गं. एवढा घाणा काढते आणि येते.”

पुऱ्या टम्म फुगून वर येतात. ती काढते, आणि कढईत पुन्हा तितक्याच.

“तो घाणा अजून निघतोच आहे,” आत्या म्हणते. तिच्या आवाजात राग नाही, याचंच मला रडू येतं.

मी माईपुढे कागद धरते.

“हात कणकेचे आहेत बाई.”

“असू देत, माई.”

ती माझ्याकडे बघते, कढईकडे बघते. मग अंगठा टेकवते.

मी जागी होते. चारला पाच कमी. माग गप्प आहे. कागद मांडीवर तसाच आहे, आणि ‘अनुमोदक’ लिहिलंय त्याच्यापुढे कणकेचा ठसा, वाळून पापुद्रा धरलेला. मी दुपारी वरणभात खाल्लाय. आज दिवसभरात पिठाला शिवलेली नाही.

ठशावरून बोट फिरवताना मला आठवतं. माझी अनुमोदक इंदूवहिनी. आणि स्वयंपाकाच्या पाळ्या परवा मीच लिहिल्यात. पुऱ्या तळायला कोण? इंदूवहिनी. त्यांच्या छान फुगतात म्हणून.

मी पळते. स्वयंपाकघरात तेल तापलंय, वहिनी कढईशी, आणि पलीकडून आप्पांचा घसा साफ करण्याचा आवाज येतोय.

“वहिनी, चला.”

“आलेच हो. एवढा घाणा काढते आणि...”

मी शेगडी बंद करते. लाटणाऱ्या सगळ्या बायका माझ्याकडे बघतात.

“अहो, जेवण?” वहिनी पदराला कणकेचे हात पुसायला जातात.

“पुसू नका,” मी म्हणते. “तशाच चला. सगळ्याच चला.”