चादरीचं दुसरं टोक

मावशीबद्दल लिहायला बसले की मला आधी राग येतो. येऊ दे. भली माणसं लांबून पाहायला बरी असतात. त्यांच्यासोबत लढा चालवून बघा म्हणजे कळेल.

मावशी, म्हणजे सगळ्यांचीच मावशी, माझ्या नात्यातली नव्हे, एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईघरात काम करते. धुलाईघर तळघरात. वरच्या मजल्यांवर डॉक्टर, नर्सेस, फुलं घेऊन येणारे नातेवाईक. खाली आमच्या बाया. एका टोकाला मळक्या कपड्यांची खोली, मधे मशीनं, आणि शेवटी वाफेवर तापणारा रोलर. त्यातून चादरी कडक, गरम होऊन बाहेर पडतात आणि त्यांच्या घड्या घालायच्या असतात. हे एकटीचं काम नाही. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, कोपरे धरायचे, एक झटका द्यायचा, चालत एकमेकींजवळ यायचं, कोपऱ्याला कोपरा लावायचा, परत मागे सरायचं. सकाळी भांडलेल्या बायासुद्धा तिथे दिवसभर एकमेकींच्या तोंडाशी येऊन परत जातात. मी संघटनेचं काम पूर्ण वेळ घेण्याआधी तिथेच होते, म्हणून सांगते.

तिथली एक बाई होती, तिला आम्ही वायरलेस म्हणायचो. खाली कुणी शिंकलं तर वर मॅनेजरने रुमाल काढावा, इतकी तिची सेवा जलद. जीभ म्हणजे उलट्या पात्याचा विळा. कुणाच्या नवऱ्याचं पिणं काढ, कुणाला मूल नाही ते काढ. तिच्याजवळ पाच मिनिटं उभं राहिलं की माणूस रडकुंडीला यायचा.

रोलरला जाळी नव्हती. बायांचे हात भाजायचे, मलम लावून परत कामाला लागायच्या. जाळी बसेपर्यंत रोलर बंद ठेवायचा, असं आम्ही मळक्या कपड्यांच्या खोलीत बसून ठरवलं, कारण तिथल्या वासापायी साहेब लोक फिरकत नाहीत. बेत सकाळच्या आत वर पोहोचला होता. बोलण्यात सगळ्यात पुढे मावशीची भाची होती. तिला त्याच दिवशी काढून टाकलं. बहीण गेल्यापासून मावशीनेच त्या पोरीला वाढवलंय. लग्न केलं नाही, मूल नाही. घरात या दोघीच.

मग मी सांगितलं, वायरलेसच्या अंगाला हात लावायचा नाही, शिवी द्यायची नाही, फक्त तिच्या चादरीचं दुसरं टोक कुणी धरायचं नाही.

बायांनी पाळलं. वायरलेस एक टोक टेबलाच्या कडेला दाबून, दुसरं हनुवटीखाली धरून झटापट करायची. चादर जमिनीला लागायची, आणि जमिनीला लागलेली चादर परत धुवायला जाते. तिच्यासमोर ढीग वाढत गेला. मुकादम म्हणाला, "काम झेपत नसेल तर घरी बसा." आम्हाला तेच हवं होतं.

आणि मावशी उठली. आपली जोडीदारीण सोडून सरळ तिकडे गेली आणि चादर उचलली.

वायरलेस म्हणाली, "दया दाखवायला आलीस काय? तुझ्या देवाला दाखव जा."

"घडी घालायला आले," मावशी म्हणाली. "कोपरा नीट धर. गप्पा मारायला तोंड रिकामं असलं तरी हात रिकामे ठेवू नकोस."

सुट्टीच्या वेळी मी तिला गेटवर गाठलं. "मावशी, तुझ्या पोरीची भाकरी खाल्ली हिने."

"मला माहीत नाही का?"

"मग बाकी सगळ्या पाळतात, तुलाच काय झालं?"

"बाकीच्यांचं तिने काही नेलं नाही. माझं नेलं. म्हणून धरायचं तर मीच धरायला पाहिजे."

"हे तुझ्या चर्चमध्ये सांग. ही कामाची जागा आहे."

"चर्चमध्ये वायरलेस येत नाही गं," ती म्हणाली. "तिथे सगळी आवडती माणसं. त्यांचं टोक धरायला प्रभू कशाला पाहिजे?"

बोलण्यात हरायला लागले की मी जोरात बोलते. जो बहिष्कार मोडेल त्याच्यावरही बहिष्कार, असा नियम होता. तो मी तिथेच लागू केला. नियम चोख होता, फक्त एक गोष्ट आमच्या कुणाच्या डोक्यात आली नाही. घडीला दोनच माणसं लागतात. एकटीवर टाकलेला बहिष्कार चालतो. दुसरी त्यात ढकलली की जोडी पूर्ण होते. आता मावशी आणि वायरलेस दिवसभर समोरासमोर, त्यांचा ढीग वेळेत संपतोय, आणि आम्ही बघतोय. बाया तोंडात पदर धरून हसायला लागल्या. मला हसू आलं नाही.

मावशीला ते गोड लागत होतं असं समजू नका. वायरलेस चादरीच्या त्या बाजूने एकसारखी टोचायची. "भाची काय करते आता? नवरा शोधा म्हणावं, आयतं खायला." मावशीचे ओठ हलताना दिसायचे. एकदा मी विचारलं, "प्रार्थनेत काय मागतेस?"

"हिची जीभ आवर म्हणते. ते जमत नसेल तर माझे कान आवर."

घरी मात्र आग लागली. भाची म्हणाली, "उद्या तिचं टोक धरलंस तर मी या घरात राहणार नाही." मावशीने दुसऱ्या दिवशी धरलं. संध्याकाळी भाची पिशवी घेऊन माझ्या दारात. मी तिला आत घेतलं. मावशी रोज डबा घेऊन यायची, दाराशी ठेवायची, पोर उघडून बघायची नाही, मी खायचे. अन्नाशी कसलं भांडण.

आणि वायरलेसने काय केलं? मुकादमाकडे तक्रार केली की मावशी घड्या वाकड्या घालते. मला वाटलं, आता तरी हिचे डोळे उघडतील. मावशी म्हणाली, "वाकड्याच होत होत्या. खांदा दुखतो माझा."

पुढे व्हायचं तेच झालं. वायरलेसपुढे कुणी बोलेना, म्हणून तिच्याकडे वर न्यायला बातमी उरली नाही. बातमी नसलेली चुगलखोर साहेबांच्या काय कामाची? तिला काढायचं ठरलं. बायांनी टाळ्या पिटल्या. त्याच संध्याकाळी मावशी माझ्याकडे आली, आणि पहिल्यांदाच दाराशी न थांबता आत येऊन बसली. भाचीने भिंतीकडे तोंड केलं.

"वर जाऊन बोल तिच्यासाठी," मावशी म्हणाली.

"कुणासाठी?"

"तुला कळलंय कुणासाठी. तिला दुसरं कुणी नाही. आपण सगळ्यांनी तिला इतकं एकटं पाडलंय की तिच्या बाजूने बोलायला भिंतसुद्धा नाही. संघटना कामगारांची ना? मग ती काय कलेक्टर आहे?"

भिंतीकडून आवाज आला, "आणि माझ्यासाठी कोण बोलणार?"

"तुझ्यासाठी मी रोज बोलते. वर त्या मॅनेजरकडे पण, आणि त्याच्याही वर. तिच्यासाठी बोलले म्हणून तुझ्या वाट्याचं कमी होत नाही, बाळा."

भाचीने चादर डोक्यावरून ओढून घेतली. रडत होती की रागावली होती, मी विचारलं नाही.

मी वर गेले. मावशीसाठी नाही, देवासाठी तर मुळीच नाही. ज्या मॅनेजरने आमच्यातला आपला कान म्हणून तिला वापरलं, तोच तिला केरासारखी बाहेर टाकणार, हे मला सहन झालं नाही, म्हणून गेले. तो खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "ताई, तिच्यासाठी तुम्ही? कमाल आहे." मी म्हणाले, "कमाल नाही. तिला ठेवा, पोरीला परत घ्या, जाळी बसवा. तिन्ही एकदम, नाहीतर उद्या रोलर बंद." वायरलेसला ठेवलं. जाळी बसवतो म्हणाला. पोरीचं बघू म्हणाला, आणि अजून बघतोच आहे. वायरलेस खाली सांगत सुटली, "माझ्या कामामुळेच मला ठेवलं."

घरी आले तर भाची पिशवी भरत होती.

"मावशीकडे?" मी विचारलं.

"तिला खांदा उचलता येत नाही. घागर कोण भरणार? माफबिफ मी कुणाला केलेलं नाही."

"वायरलेसला?"

"तिलाही नाही आणि तिच्यासाठी वर गेलीस म्हणून तुलाही नाही." चप्पल अडकवता अडकवता थांबली. "मावशीचं बघू."

मी तिला कोपऱ्यापर्यंत सोडायला गेले. परत जा असं काही ती म्हणाली नाही.