सैल पट्ट्याचं घड्याळ

मुलांनो, वर्तकनगरच्या आमच्या घरी एकदा एक अनोळखी गृहस्थ परदेशी, सोनेरी घड्याळ विकायला आले. बिल नव्हतं, डबीही नव्हती. तुमच्या आजोबांना ते फारच आवडलं. मला मात्र चोरीचा माल वाटला.

"जरा हातात घालून दाखवा," मी म्हटलं.

घड्याळ थेट बोटांपर्यंत घसरलं.

"हे तुमचं नाही!"

"माझंच हो, वहिनी. आजारपणात हात पार वाळून गेला."

"बिल सापडलं की या," आजोबा नाइलाजाने म्हणाले.

कणीक मळताना मी बांगड्या मागे सारते, तसं जिना उतरताना त्या गृहस्थांनी न बघताच घड्याळ कोपराकडे सारलं. चोराला इतकी सवय कशी असेल? असं मनात म्हणतच मी दाराला कडी घातली.