चिंचोक्यांच्या बकऱ्या

आमच्या इंझोरीच्या घरात जमिनीवर कोळशानं वाघ-बकरीचा पट काढलेला असायचा. चार खडे म्हणजे वाघ, वीस चिंचोके म्हणजे बकऱ्या. वाघांनी बकऱ्या खायच्या, बकऱ्यांनी मिळून वाघांना कोंडायचं. माझी धाकटी बहीण सात वर्षांची. ती नेहमी बकऱ्या घ्यायची आणि नेहमी जिंकायची. मी तिच्याहून तीन वर्षांनी मोठी, म्हणून ती मला बाई म्हणायची; मी स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसवलेली. तिनं हसत हसत माझे चारी वाघ कोंडले की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

बाबा ग्रामपंचायतीत शिपाई होते. स्वतः जेमतेम चौथी शिकलेले, पण पोरींनी शिकून साहेब व्हावं हा एकच ध्यास. धाकटीचं डोकं खेळात वाया जाऊ नये म्हणून त्यांनी घरात कायदा केला. शनिवारी माय जमीन सारवायची, तेव्हा पट पुसला जायचा. रविवारी नवा पट काढायचा तर आधी दहा गणितं. बहिणीनं दहा चुटकीसरशी सोडवली, म्हणून पुढच्या रविवारी वीस झाली, मग तीस. हुशारीचा दंड वसूल करणारा असा कायदा मी पुन्हा कुठं पाहिला नाही. बाबा त्याला वळण लावणं म्हणायचे.

गणितं माझ्या चौथीच्या पुस्तकातली. उत्तरांची पानं बाबांनी फाडून माझ्याजवळ ठेवायला दिली होती. मी मोठी, म्हणून माझ्यावर भरवसा.

त्या रविवारी चाळीस गणितं होती. बाबा आंघोळ करून आले तोवर तिनं वहीत चाळीसच्या चाळीस करून ठेवली होती. बाबांनी माझ्याकडून पानं घेऊन एकेक उत्तर ताडून पाहिलं. सगळी बरोबर. दुसरीतल्या पोरीला हे जमेल, यावर त्यांचा विश्वासच बसेना.

"तूनं इले पानं दाखवली काय?" त्यांनी मला विचारलं.

"नाही बाबा, म्या माह्या मनानं केली," बहीण म्हणाली. "बाई, सांग नं त्याईले!"

मी मान खाली घातली. आमच्या घरी मान खाली घालणं म्हणजे कबुली. मला हे पक्कं ठाऊक होतं.

मला एक चापट बसली. बहिणीचे चिंचोके चुलीत गेले आणि पट कायमचा बंद झाला. ती रडली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. त्यानंतर तिनं घरी एकही गणित सोडवलं नाही आणि शाळेत पाटी कोरी ठेवू लागली. "पोरीचं डोकंच बंद पडलं," असं बाबा सगळ्यांना सांगत. सातवीत तिची शाळा सुटली आणि ती लोकांच्या शेतात तण काढायला, निंदणाला जाऊ लागली. मला स्कॉलरशिप मिळाली. गावात माझ्या हुशारीचं कौतुक झालं, तेव्हा मला माझीच किळस आली, पण तोंड काही उघडलं नाही.

पुढं कारंज्याला राहून शिकले. मॅट्रिक होऊन तिथून घरी आले, तेव्हा पाहुणे यायचे होते म्हणून ती जमीन सारवत होती. मी कोरड्या कोपऱ्यात कोळशानं पट काढला. तुरीचे वीस दाणे मोजून तिच्यापुढे ठेवले.

"म्या तवा खोटी मान घातली होती," मी म्हणाले. "बाबाले आज सांगतो. बस नं, एक डाव खेळू."

तिनं दाणे गोळा करून डब्यात टाकले. शेणाचा हात पटावरून फिरवला.

"आता कायले सांगतं, बाई?" ती म्हणाली. "सरक तिकडं, मले सारवू दे."