माणसंही दिसावीत म्हणून

फोन वाजला तेव्हा मी भाजी निवडत होते आणि चष्मा बाहेरच्या खोलीत राहिला होता. स्क्रीनवरचं नाव वाचता येईना. हात लांब करून पाहिलं, तरी येईना. म्हणून परक्या माणसाला विचारावं तसं “कोण?” असं विचारलं. पलीकडे मिलिंद होता, माझा भाचा. “मावशी, आई पडली. विहाराच्या पायरीवरून. डोक्याला लागलं. आमी नांदेडला घेऊन येऊन राहिलो, तू दवाखान्यात थांब.” मी त्यांच्या आधी पोहोचले. कुरुंद्याहून गाडी आली, तोवर वाटेतच अक्का गेलेली होती. त्याला आता सहा आठवडे होतील. या सहा आठवड्यांत लोकांनी मला अक्काबद्दल पुष्कळ चांगलं सांगितलं आणि मी मान डोलावत ऐकून घेतलं. आज मात्र मला तिच्या डोळ्यांबद्दल लिहायचं आहे.

सुमनअक्का माझी थोरली बहीण. कुरुंद्यात अंगणवाडी सेविका होती, पण वस्तीत तिची खरी ओळख वाचणारी बाई म्हणून. वर्षावासात, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. वीसेक वर्षं ते अक्काच करत आली. आमच्या वस्तीचा रिवाज असा की ज्यानं पहिल्या दिवशी ग्रंथ उघडला, त्यानंच तो शेवटी मिटायचा. मधे माणूस बदलायचा नाही. पांढरं पातळ नेसून ती दाराकडे तोंड करून बसायची, समोर चौरंगावर ग्रंथ, आणि दर दोन-तीन वाक्यांनंतर मान वर करून सगळ्यांवर नजर फिरवायची. कोण पेंगतंय, कोणाचं लेकरू चुळबुळ करतंय, कोणाला कळलं नाही, हे तिला चेहऱ्यावरून समजायचं. मग तेच वाक्य पुन्हा, सावकाश. सुरुवातीला मी तिला चिडवायची, की अक्का वाचत नाही, हजेरी घेते. तर म्हणायची, “माणसाला पाहून वाचावं बाई, भिंतीला काय वाचून दाखवायचं?”

चाळिशी उलटल्यावर सगळ्यांचं होतं तेच तिचं झालं. अक्षरं जवळून दिसेनाशी झाली. चष्मा आला. पण त्या चष्म्यातून मान वर केली की समोरची माणसं धुरकट, आणि चष्मा काढला की ग्रंथ कोरा. दोन भागांचा चष्मा करून पाहिला, तर जमीन अंगावर येते म्हणाली आणि चार दिवसांत तो फडताळात टाकला. “पुस्तकात पाहावं तर माणसं जातात, माणसांकडं पाहावं तर पुस्तक जातं. काय करू सांग.” मी शाळेत शिकवते, मला सगळ्यावर उत्तर देण्याची खोड आहे. मी म्हटलं, पुस्तकात पाहा, माणसं कुठं पळून जातात?

गेल्या वर्षी, वाचन चालू असताना वस्तीतले म्हातारे लिंबाजीमामा भिंतीला टेकल्या टेकल्या कलंडले. गुडघ्यांमुळे ते नेहमी सगळ्यांच्या मागे बसतात. बाकीच्यांची पाठ त्यांच्याकडे, तोंड फक्त अक्काचं. अक्का चष्मा लावून वाचत राहिली… पानभर तरी. साखर उतरली होती, वेळेवर लक्षात आलं, मामा वाचले. पण अक्कानं ते धरून ठेवलं. “म्हातारं माणूस माझ्या डोळ्यांपुढं पडलं अन् मी वाचून राहिले,” हे ती मला किती वेळा म्हणाली असेल! पुढच्या वर्षी ग्रंथ उघडणार नाही, असंही म्हणाली. तिनं ते वाचन सोडावं ही कल्पनाच मला सोसवेना. म्हणून लेसरचं मीच काढलं.

नांदेडच्या एका दवाखान्यात मीच चौकशी केली. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं, त्यांना बोल लावायला जागा नाही. एक डोळा जवळचा करायचा, दुसरा लांबचा ठेवायचा, आणि दोन्ही मिळून मेंदूनं जुळवून घ्यायचं. बहुतेकांना जमतं, काहींना जमत नाही. विशेषतः अंधुक उजेडात खोलीचा अंदाज चुकतो. म्हणून आधी डाव्या डोळ्यात नुसती जवळची लेन्स घालून चार-पाच दिवस राहायचं, जिने चढायचे-उतरायचे, दिवेलागणीला रस्त्यानं चालायचं. त्रास झाला तर सांगायचं, मग लेसर करायचं नाही. इतकं सरळ होतं.

ते दिवस अक्का माझ्याकडे राहिली. पहिल्याच दिवशी ती वर्तमानपत्र वाचता वाचता खिडकीतून खालच्या रिक्षाचा नंबर वाचायला लागली आणि लहान पोरीसारखी हसली. तिसऱ्या संध्याकाळी आम्ही बाजाराला निघालो. मी एक पायरी पुढे होते. शेवटच्या पायरीला तिला वाटलं की जमीन आली, आणि तिनं पाय हवेत टाकला. कठडा हातात आला म्हणून वाचली. पिशवी मात्र लांब जाऊन पडली. आम्ही दोघी तिथंच जिन्यात बसलो. तिचं पहिलं वाक्य काय, तर “डॉक्टरला सांगू नको.”

“अक्का, काहून सांगू नको? त्यासाठीच तर लेन्स घातली.”

“पौर्णिमा बारा दिवसांवर आली. हे हुकलं तर ग्रंथ दुसऱ्याच्या हातात जाईन. पायऱ्या काय, पायाला पाठ आहेत विहाराच्या.”

डॉक्टरांनी विचारलं, “पायऱ्यांना काही तकलीफ?” अक्का म्हणाली, “न्हाई, बराबर दिसतं.” मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पोरांचं खोटं चेहऱ्यावरून ओळखणारी मी… मी म्हणाले, “ठीक आहे ती.” अक्का खोटं बोलली ती ग्रंथापायी. मी कशापायी बोलले? रजा टाकली होती, सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, बहिणीला डोळे आणून देणारी म्हणून मिरवायचं होतं. दुसरं काही नाही.

डाव्या डोळ्याचं लेसर झालं. आषाढ पौर्णिमेला तिनं चष्म्याविना ग्रंथ उघडला. वाचन संपताच मला फोन केला. “अगं, लिंबाजीमामाच्या मिशा दिसल्या! अक्षरं बी दिसली अन् मिशा बी!” इतक्या आनंदात ती आमची आई गेल्यापासून नव्हती. दीड महिना ती तशीच होती. भाद्रपदातल्या त्या संध्याकाळी पाऊस भुरभुरत होता, लाइट गेलेली होती. सगळे पुढे गेले, अक्का दार ओढून घेऊन मागून निघाली. विहाराला तीनच पायऱ्या आहेत. कोणी म्हणतं चक्कर आली, कोणी म्हणतं फरशी ओली होती. तसंही असेल. तिला पडताना कोणी पाहिलं नाही. पण तिचा तो हवेतला पाय मी एकदा पाहिला आहे, आणि तो पाहणारी मी एकटीच आहे. मिलिंद मला अजून म्हणतो, “मावशी, तू होतीस म्हणून आईला शेवटी बराबर दिसलं.” त्याला तोंडावर सांगायला माझी जीभ उचलत नाही. आता तो हे इथं वाचेल.

अक्कासाठी झालेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वस्तीनं ठरवलं की रिवाज मोडायचा, उरलेला ग्रंथ धाकट्या बहिणीनं पुरा करायचा. मी नको म्हणू शकले असते. माझ्या शाळेमुळे वाचन आता शनिवार-रविवारीच होतं; मी कुरुंद्याला जाते, तिच्या जागेवर बसते. ग्रंथाच्या फडक्यात तिचा वाचायचा जुना चष्मा गुंडाळलेला होता, लेसरनंतर तिनं काढून ठेवलेला, एका काडीला दोरा बांधलेला. माझा नंबर तोच निघाला. तोच लावून वाचते. पहिल्या दिवशी मी मान खाली घालून एका दमात पानांमागून पानं वाचत सुटले, तेव्हा मागून लिंबाजीमामा म्हणाले, “बाई, वर पाहत जा. आमी हाव इथं.”

तेव्हापासून मी वर पाहते. चष्म्यातून सगळे धुरकट दिसतात, पांढरे कपडे एकमेकांत मिसळतात, मामा तर भिंतीतच जातात. कोण पेंगतंय, कोण कलंडतंय, मला काही दिसत नाही. अक्का असती तर म्हणाली असती, काढ तो चष्मा, माणसं बघ… मला ते जमत नाही. कारण ती बसायची ती जागा दाराच्या अगदी समोर आहे, आणि चष्मा काढला की माणसांच्या मागे, उघड्या दारापलीकडे, त्या तिन्ही पायऱ्या मला स्वच्छ दिसतात.