मांडव सोडायची तारीख

किन्हवलीचा कुंडलिक विशे आमच्या मंडपवाल्यांच्या संघटनेचा चिटणीस. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत जो कोणी बांबू, कनाती, खुर्च्या भाड्याने देतो, तो आमचा सभासद. मी मुरबाडचा. पगार कोणालाच नव्हता. काम मात्र एकट्या कुंडलिकला होतं, हे आधीच सांगून टाकतो.

संघटना निघाली त्र्याण्णव साली, आणि कारण साधं होतं. उन्हाळ्यात चांगली तिथी आली की गावोगाव एकाच दिवशी लग्नं. एकाकडे खुर्च्या कमी, दुसऱ्याकडे पडून. कुंडलिकने सगळ्यांना गाठून ठरवलं, की सामानावाचून कोणाचं लग्न अडता कामा नये. ज्याच्याकडे असेल त्याने द्यायचं आणि निरोपासाठी कुंडलिकला फोन करायचा. त्या एका फोनवर आमची अब्रू कितीदा तरी वाचली.

पण चार माणसं जमली की त्यांना हौस सुचते. क्रिकेटचे सामने आले, रक्तदान आलं, दहावीच्या मुलांचे सत्कार आले, स्नेहसंमेलन आलं. सुचवायला सगळे, करायला कुंडलिक. तो लष्कराच्या भाकऱ्या भाजत राहिला आणि घरचा धंदा त्याची बायको कमळ बघू लागली. गड्यांबरोबर टेम्पोत बांबू चढवणारी बाई आमच्याकडे तोवर कोणी पाहिली नव्हती.

दरवर्षी सभेत कुंडलिक उठून म्हणायचा, "आता मला मोकळा करा." की लगेच आमचे अध्यक्ष धाऊशेठ शाल काढायचे. अंगावर शाल आणि हातात नारळ पडला की माणसाला नाही म्हणता येत नाही. टाळ्या व्हायच्या आणि गडी आणखी वर्षभर अडकायचा. मान देऊन माणसाला कसं जखडावं, हे आमच्याकडून शिकावं.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात तो एका मांडवातच चक्कर येऊन पडला. रक्तदाब वाढला होता. डॉक्टरांनी धावपळ बंद करायला सांगितली. भेटायला गेलो तर म्हणाला, "मी सोडलं तर संघटना मोडल. नाय सोडलं तर मी मोडन." त्या दिवशी मला आमच्या सगळ्यांचा संताप आला.

पावसाळ्यात धंदा बंद असतो. तेव्हा धाऊशेठनी आटगावला सभा घेतली, पुढच्या पाच वर्षांचं नियोजन करायला. फळा आणला होता. लोक भराभर सांगू लागले आणि धाऊशेठ लिहू लागले: संघटनेची इमारत, मोठी ट्रॉफी, सहल, पतपेढी. कोण करणार, असं विचारलं की सगळे कुंडलिककडे बघायचे. तो बिचारा खाली मान घालून बसलेला.

कमळही सभासद होती. ती उठली.

"धाऊदादा, गिऱ्हाईक आलं की पयलं काय इचारता?"

"कवा घालायचा नि कवा सोडायचा."

"सोडायची तारीख नाय सांगितली तर?"

"मग मांडव घालायचाच नाय. आपले बांबू अडकून पडतात."

"मग ह्यांची सोडायची तारीख कोनी ठरवली?"

धाऊशेठनी पिशवीतून निम्मी बाहेर काढलेली शाल परत आत सारली.

खरं नियोजन त्यानंतर झालं, आणि ते बरंचसं पुसण्याचंच होतं. कमळ एकेक काम वाचायची. कोणी हात वर केला तर ठेवायचं, नाहीतर पुसायचं. इमारत गेली, ट्रॉफी गेली. दहावीचे सत्कार मी घेतले. धाऊशेठनी स्नेहसंमेलन घेतलं, त्यांना माइक लागतोच. राहिलं मूळचं काम, सामानाचा फोन. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला बराच वेळ कोणी पुढे येईना. शेवटी आटगावचाच साईनाथ म्हणाला, "मी करतो, पन दोनच वर्सं. सोडायची तारीख आजच लिवा." ती लिहिली, आणि त्याच्यानंतर कोण हेही तिथेच ठरलं.

पुढच्या मे महिन्यात मोठी तिथी आली. माझं काम किन्हवलीतच होतं, म्हणून दुपारी कुंडलिककडे डोकावलो. तो सकाळपासून येरझारा घालत होता. फोन गप्प होता. तेवढ्यात तानशाकडून आलेल्या एकाने सांगितलं, की तिकडे लग्नाचा मांडव वाऱ्याने आडवा झाला. कुंडलिकचा चेहरा उतरला. मी स्कूटर काढली. वाटेत तो एकच वाक्य बोलत होता, "मोडली रे संघटना."

पोचलो तर मांडव उभा होता. बांबू धाऊशेठचे, कनाती शहापूरच्या. खुर्च्या कुंडलिकच्या स्वतःच्या घरच्या, आणि कमळ त्या लावून घेत होती. साईनाथने तिला कामावरच निरोप दिला होता. कुंडलिकला सांगायची कोणाला गरज वाटली नव्हती.

"मला कोनी इचारलं पन नाय," तो म्हणाला. मला वाटलं, याला लागलं. पण त्याने रुमालाने तोंड पुसलं आणि मोठा श्वास सोडला. "बरं झालं रे. लई बरं झालं."

तो खुर्ची ओढून बसला. नवरीच्या मामाने येऊन विचारलं, "तुमी मंडपवाले का?"

"मंडपवाली ती," कुंडलिकने कमळकडे बोट दाखवलं. "मी तिचा नवरा."

मामाने त्याला पंगतीला बोलावलं. कुंडलिक गेला, आणि पोटभर जेवला.