पलीकडची सव्वीस झाडे

तेओफिल लागासेचे काम नदीच्या मध्यापर्यंतच असे. तिथे अमेरिका संपते आणि कॅनडा सुरू होतो असे नकाशा म्हणतो. बर्फावर तसे काही दिसत नाही. एकेचाळीस हिवाळे तो तिथवर गेला, चहा प्याला आणि परत आला.

काम सांगायला सोपे आहे. जानेवारीत नदी चांगली हातभर गोठली की आमच्या सेंट-ओडिलहून पलीकडच्या ला बारला बर्फावरून जाणारी वाट आखावी लागते. वारा सुटला की पांढऱ्यावर पांढरे उडते आणि माणूस सरळ चालतोय असे समजत उघड्या पाण्याकडे जातो. म्हणून कमरेएवढी फरची झाडे तोडून आणायची, गिरमिटाने बर्फाला भोक पाडायचे, झाड उभे करायचे आणि बुडाशी डबाभर पाणी ओतायचे. थोड्याच वेळात ते असे घट्ट बसते की एप्रिलपर्यंत हलत नाही. मग बारा पावलांवर पुढचे. आमच्या काठापासून मध्यापर्यंतची झाडे आमच्या माणसाने लावायची, पलीकडची पलीकडच्याने. दोघे मध्यावर भेटले की वाट झाली. पूल आहे, पण एकोणीस मैलांवर.

आमचा माणूस तेओफिल. पलीकडचा रेजिस कोरिव्हो.

या कामाला एकच नियम आहे. तो कुणी लिहून ठेवलेला नाही, म्हणून सगळे पाळतात. समोरच्याच्या भागात झाड लावायचे नाही. तो माणूस मेला, तर मात्र त्याचा भाग समोरच्याने पुरा करायचा, एकदाच. पुढच्या हिवाळ्यात त्या काठाने नवा माणूस द्यायचा. जिवंत माणसाच्या भागात झाड लावणे म्हणजे त्याला जिवंतपणी पुरणे.

दोघांची मैत्री होती असे म्हणायला मी धजत नाही, कारण दोघांनीही ते नाकारले असते. झाडे लावायच्या दिवशी बारा वाजता मध्यावर भेटायचे, एवढे ठरलेले होते. पलीकडचे घड्याळ आमच्यापेक्षा तासभर पुढे असते. बारा म्हणजे कुणाचे बारा, हे मात्र एकेचाळीस वर्षांत ठरले नाही. जो आधी पोहोचे तो तासभर थांबे आणि दुसऱ्याच्या देशाला शिव्या घाली. तेओफिलने प्लॉय आणायचे, म्हणजे आमच्याकडची एकाच बाजूने भाजलेली बकव्हिटाच्या पिठाची धिरडी. चहा रेजिसचा.

एका वर्षी मी गिरमिट धरायला सोबत गेलो होतो.

“किती लागली?” रेजिसने थर्मास उघडता उघडता विचारले.

“बावीस. नेहमीचीच.”

“मला सव्वीस. म्हणजे माझा भाग मोठा. तू मध्याच्या अलीकडेच थांबतोस, आळशी.”

“तुझे पाय आखूड आहेत रे. कोंबडीला लावायला सांगितली तर तिलाही सव्वीस लागतील.”

“कोंबडी निदान अंडं देते. तू काय देतोस? गार धिरडी.”

त्यानंतर दोघांनी खाल्ले. मग रेजिस त्याच्या काठाला गेला आणि आम्ही आमच्या. कुणीही मागे वळून पाहिले नाही. ते बहुधा सव्वीस-बावीसच्या भांडणात हार मानल्यासारखे झाले असते.

तेओफिलची बाकीची हकीकत लांबलचक नाही. बटाट्याच्या गोदामात गुडघे दुखेपर्यंत नोकरी केली. बायको आलिदा नऊ वर्षांपूर्वी गेली. दोन मुली कनेक्टिकटला. रविवारी फोन करतात आणि हवा कशी आहे ते विचारतात. रेडिओ त्याने पलीकडच्या स्टेशनवर लावून ठेवला होता, त्यामुळे बाराच्या बातम्या अकरालाच लागत आणि तो त्या ऐकत जेवून घेई. मग दुपार तासाने मोठी होई. त्या जास्तीच्या तासाचे काय करायचे ते त्याला कधी सुचले नाही.

पूर्वी पुलावर नुसते नाव सांगितले तरी सोडत. तेव्हा तो पलीकडच्या लग्नांना, मर्तिकांना जाई. पासपोर्ट लागू लागला तेव्हा त्याने तो काढला नाही. “मला जे हवं असतं ते मध्यापर्यंत येतं,” असे तो म्हणे.

आता समितीविषयी. सीमापार मैत्री व सहकार्य समितीचा मी चिटणीस आहे. शाळेतून निवृत्त झालेल्या माणसाला गाव असे काहीतरी देतेच. दोन्ही काठांचे मिळून अकरा सभासद आणि तीन उपसमित्या आहेत. आमचे मुख्य कार्य म्हणजे फेब्रुवारीतला एक शनिवार: दोन्ही देशांचे अधिकारी नदीच्या मध्यावर घडीचे टेबल टाकून तीन तास बसतात आणि लोक झाडांच्या वाटेने इकडून तिकडे चालत जाऊन मावशीला भेटून येतात. ती वाट ज्या दोन म्हाताऱ्यांची, त्यांना आम्ही सभेला कधीच बोलावले नव्हते. ते विषयपत्रिकेत बसत नव्हते.

या जानेवारीत तेओफिलने बावीस झाडे लावली आणि मध्यावर जाऊन उभा राहिला. पलीकडचे बारा वाजले. मग आपले बारा वाजले. ला बारच्या काठापासून मध्यापर्यंत एकही झाड नव्हते आणि रेजिसच्या धुराड्यातून धूरही नव्हता. दोनच्या सुमारास तो माझ्या दारात आला. हातात फडक्यात बांधलेली धिरडी.

“मास्तर, तुमच्या समितीला पलीकडचे फोन लागतात ना?”

“लागतात.”

“मग विचारा, कोरिव्हो मेला का.”

“असं कसं विचारू?”

“फोन उचलला की विचारायचं.”

विचारले. रेजिस नोव्हेंबरात अंगणात पडला होता, खुबा मोडला होता. मुलीने, ओदेतने, त्याला एडमन्स्टनच्या वृद्धाश्रमात ठेवले होते. जिवंत होता. मी हे सांगितले तेव्हा तेओफिल भिंतीला टेकून उभा होता, तो खुर्चीत बसला.

“म्हणजे आळशीपणा,” तो म्हणाला आणि फडके सोडून धिरडी खाऊ लागला. तीन खाल्ली. सकाळपासून तो उपाशी असणार.

“जाऊन भेटा की.”

“पासपोर्ट नाही.”

दुसऱ्या दिवशी मी त्याला औषधांच्या दुकानात फोटो काढायला नेले. फोटोवाल्या बाईने हसू नका असे सांगितले. ती सूचना अनावश्यक होती. पोस्टात अर्ज भरताना ‘कुठे जाणार’ असा रकाना आला. त्याने लिहिले: नदीचा मध्य, आणि तिथून थोडे पुढे. सहा ते आठ आठवडे लागतील, असे खिडकीतून सांगण्यात आले.

तोवर समितीला काळजी लागली. अर्धीच वाट फोटोत बरी दिसणार नाही, असे अध्यक्षीणबाईंचे मत पडले. तेओफिलने पलीकडचा भाग लावावा म्हणून दोन्ही सरकारांची परवानगी आम्ही दोन दिवसांत आणली. एवढ्या वेगाने आम्ही पूर्वी काहीच केले नव्हते. त्याला पहिल्यांदाच सभेला बोलावले. टोपी मांडीवर ठेवून तो बसला.

“तो जिवंत आहे,” तेओफिल म्हणाला.

“अहो, आजारी माणसाला मदतच आहे ती,” बाई म्हणाल्या. “आणि शेवटी झाडंच तर आहेत.”

“मग तुम्हाला कशाला हवीत?”

त्यावर विषय उपसमितीकडे सोपवण्यात आला. उपसमितीने ला बारच्या रस्ते खात्याकडून नारिंगी प्लास्टिकचे शंकू मागवले.

त्या आठवड्यात मी रेजिसला भेटून आलो. त्याच्या खोलीच्या खिडकीतून मोटारी उभ्या करायची जागा दिसते. माणूस पलंगावर निम्मा उरला होता, पण जीभ पूर्ण होती.

“तो किती वाजेपर्यंत थांबला?”

“दोन्ही बारा होईपर्यंत.”

“मूर्खच आहे तो.” मग त्याने मोटारींकडे पाहिले. “त्या थंडीत?”

“उणे बावीस होतं.”

“त्याला सांगा, त्याचा पासपोर्ट येईपर्यंत मी कुठे जात नाहीये. आणि माझ्या भागाला हात लावलास तर याद राख म्हणावं.”

“सांगतो.”

मी दारापर्यंत आल्यावर त्याने पुन्हा हाक मारली. “मास्तर! सव्वीसच लागतात.”

मी सगळे तसेच्या तसे सांगितले. तेओफिल म्हणाला, “खुबा मोडला तरी कोंबडी ती कोंबडीच.” आणि त्या दिवसापासून रोज पोस्टाच्या पेटीपाशी जाऊन उभा राहू लागला. आमच्याकडे टपाल दुपारी येते, त्यामुळे त्या जास्तीच्या तासाची सोय झाली.

शनिवार साजरा झाला. आमच्या बाजूला बावीस झाडे, पलीकडे चाळीस नारिंगी शंकू. वाऱ्याने त्यातले नऊ आडवे झाले आणि दोन थेट खालच्या वळणापर्यंत गेले. तेओफिल आला नाही. इतिवृत्तात मी लिहिले: सहकार्य समाधानकारक.

सहा मार्चला रेजिस गेला. अंत्यविधीची घंटा ला बारच्या चर्चमधून आमच्याकडे स्वच्छ ऐकू येते. तेओफिल कोट-टाय घालून अंगणात, नदीकडे तोंड करून, ती थांबेपर्यंत उभा होता. पासपोर्ट पंधरा मार्चला आला. शब्द दिलेल्या दोघांपैकी सरकारने तो पाळला.

आता नियम तेओफिलवर होता आणि बर्फ जेमतेम दोन आठवड्यांचा. दुसऱ्या दिवशी पहाटेच त्याने सव्वीस झाडे तोडून माझ्या गाडीत घातली. सव्वीस का, ते मी विचारले नाही. पुलाच्या पलीकडच्या टोकाला एक तरुण अधिकारी मुलगी खिडकीतून वाकली. पासपोर्टचे कोरे पान तिने दोनदा पाहिले.

“कशासाठी येताय, काका?”

“झाडं लावायला.”

“कुठे?”

“नदीत.”

तिने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली.

“झाडं आत नेता येणार नाहीत. कीड असते.”

“अगं, याच झाडांचं बी दरवर्षी वाऱ्याबरोबर तुमच्याकडे येतं.”

“वाऱ्याला अडवणं माझ्या हातात नाही. तुम्हाला अडवणं आहे.”

झाडे चौकीच्या भिंतीला टेकवून ठेवली. धिरड्यांना हरकत नव्हती.

रेजिसच्या घरी ओदेत दारातच उभी होती. आमचे हात मोकळे पाहून तिने काही न विचारता कोठाराचे दार उघडले. आत सुतळीने बांधलेली फरची मोळी भिंतीशी होती. पाने जराशी तांबूस झालेली.

“बाबांनी पडायच्या आधी दोन दिवस तोडली होती,” ती म्हणाली. “दरवर्षी आधीच तोडून ठेवायचे. मोजून.”

तेओफिलने सुतळी न सोडताच बुंधे मोजले. मोजून झाल्यावर त्याने पुन्हा मोजले.

मी घसरगाडी ओढली, गिरमिट त्यानेच चालवले. बारा पावले, भोक, झाड, पाणी. पावले त्याची, लांब टांगांची, आणि गुडघे दुखत असूनही त्याने ती आखडली नाहीत. मुद्दाम लांब टाकतोय असेही मला एक-दोनदा वाटले. बाविसावे झाड लावून त्याने वर पाहिले. त्याचे स्वतःचे जानेवारीतले शेवटचे झाड अजून चांगलेच पुढे होते. तेविसावे लावले. चोविसावे लावले. पंचविसावे लावून बारा पावले टाकली, तेव्हा त्याचा हात आपल्या झाडाला लागला.

घसरगाडीत एक झाड उरले होते.

“तीन नदीची,” तो म्हणाला. “एक पायांचं.”

ला बारच्या घंटेने बारा दिले. ओदेतने रस्सा केला होता, म्हणून मी निघू या म्हटले.

“थांबा. आमचे बारा व्हायचेत.”

थांबलो. चहा नव्हता. धिरडी गार होती. तो म्हणाला, “मास्तर, तुमच्या त्या वहीत लिहाल का?”

“काय लिहू?”

“रेजिसचा भाग मोठा होता. तीन झाडांनी. चार नाही, तीन. तेवढं नीट लिहा, नाहीतर...” पुढे कोण काय म्हणाले असते ते त्याने सांगितले नाही.

एप्रिलच्या सभेत, अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांत, मी ते वाचून दाखवले. यावर काय कार्यवाही करायची, असे बाईंनी विचारले. काही नाही, असे मी सांगितले. ठराव एकमताने मंजूर झाला. उरलेले झाड रेजिसच्या कोठारात आहे. पलीकडून पुढचा माणूस कोण, हे अजून ठरलेले नाही. उपसमिती नेमली आहे.

त्या दिवशी मात्र बर्फावर तास सरता सरेना. तेओफिल ला बारच्या काठाकडे, आपणच लावलेल्या पंचवीस झाडांकडे तोंड करून उभा होता. शेवटी त्याने बाही वर करून घड्याळ पाहिले.

“आळशी,” तो म्हणाला आणि घसरगाडीची दोरी उचलली.