चाचांना महिन्याची सुट्टी हवी होती

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकते. इथे आखातात, गाला भागातल्या आमच्या ऑफिसात मी चिडले की खालच्या गोदामातले लोकसुद्धा वर बघतात म्हणे. आमची कंपनी गाड्यांचे स्पेअर पार्ट विकते आणि तिच्या कम्प्युटर विभागात दोनच माणसं, डोंबिवलीची मी आणि रत्नागिरीकडचे चाचा. चाचांवर मात्र मी कधी ओरडले नाही. फक्त एकदा ओरडले, त्याची अजून लाज वाटते.

चाचांच्या मुलीचं पहिलं बाळंतपण होतं, ती माहेरी आली होती. त्या दिवसांत आपण घरी असावं एवढंच चाचांचं म्हणणं. अर्बाबकडे, म्हणजे आमच्या अरब मालकाकडे, महिन्याची सुट्टी मागितली, तर ते म्हणाले, जा की, पण आधी एक आख्खा आठवडा तुमचा हात न लागता काम चालवून दाखवा. अर्बाब माणूस वाईट नाही. पण चाचा आठ दिवस गेले तरी सगळं अडतं, हे त्यांनी इतक्या वर्षांत बघितलं होतं.

अडायचं एका फाइलीपायी. सगळ्या शाखांच्या काउंटरवरचे कम्प्युटर आधी आमच्या रिव्हर्स प्रॉक्सीकडे येतात. ती दारावरच्या वॉचमनसारखी, आलेल्याला कुठल्या सर्व्हरकडे धाडायचं ते ती बघते. सर्व्हरचे पत्ते तिच्या फाइलीत चाचा हातानं लिहायचे, आणि प्रत्येक पत्त्याशेजारी एक टीप. हा दुपारी तापतो. हा खिडकीजवळ आहे. याला घाईनं बंद करू नये. घरातल्या माणसांच्या खोडी सांगाव्यात तसं सगळं लिहिलेलं. सर्व्हर बदलला की फाइल बदलायची, आणि ती फाइल चाचांशिवाय कुणालाच उलगडायची नाही.

मी म्हटलं, चाचा, हे पत्ते की-व्हॅल्यू स्टोअरच्या एका कप्प्यात टाकू. एका बाजूला नाव, समोर पत्ता, संपलं. सर्व्हर चालू झाला की आपला पत्ता तिथे आपणच नोंदवेल, बंद पडला की तो पत्ता आपोआप जाईल, आणि प्रॉक्सी त्या कप्प्यावर नजर ठेवून बसेल. जोडणी मी केली. गुरुवारी तपासलं, मस्त चाललं. शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून रविवारी सकाळी अर्बाबना सांगितलं, आजपासून आठवडा मोजा. ते म्हणाले, इन्शाल्ला.

दहा वाजता मत्रहच्या दुकानातून फोन. पार्ट शोधला की एकदा सापडतो, दुसऱ्यांदा पानच उघडत नाही. मग बाकीच्या शाखांचेही फोन. मी सर्व्हर बघितले, वायरी बघितल्या, दोन तास नुसती धावपळ. शेवटी स्टोअरमधला तो कप्पा उघडला, तर पत्त्यांच्या मधेमधे चाचांच्या टिपा. स्टोअरमध्ये शेजारी लिहायला जागा नसते, म्हणून सकाळी लवकर येऊन त्यांनी प्रत्येक टिपेची वेगळी नोंद केली होती. त्या कप्प्यात जे असेल तो पत्ता, एवढंच प्रॉक्सीला ठाऊक. निम्मी गिऱ्हाइकं ती बिचारी इमानेइतबारे 'दुपारी तापतो'कडे धाडत होती.

आज हे सांगताना हसू येतं, तेव्हा डोक्यात तिडीक गेली. "चाचा, तुम्हाला घरी जायचंय की नाही?" मी सगळ्यांसमोर ओरडले.

चाचांनी चष्मा काढला. "मी गेल्यावर तू एकटी असशील, बाय," ते हळू म्हणाले. "तुला कोण सांगणार? म्हणून लिहिलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या कप्प्यात काय चालतं नि काय नाही, हे त्यांना मीच सांगितलं नव्हतं. प्रॉक्सी बघत नाही असा दुसरा कप्पा केला आणि त्यांच्या सगळ्या टिपा त्यात हलवल्या, एकही टाकली नाही. मग अर्बाबकडे जाऊन चूक माझी म्हणून सांगितलं आणि सोमवारपासून पुन्हा आठवडा मागून घेतला. ते जरा कुरकुरले, पण हो म्हणाले.

त्या आठवड्यात बुधवारी एक सर्व्हर खरंच बंद पडला. त्याच्या जागी दुसरा चालू झाला, प्रॉक्सीनं तो आपणहून धरला, कुठूनही फोन नाही. चाचा दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते, चुकून कीबोर्डला लागायचे म्हणून. मला त्यांच्याबद्दल इतकी माया वाटली की उठून त्यांच्यासाठी चहा करून आणला. पुढच्या सोमवारी अर्बाबनी सुट्टीवर सही केली.

चाचा गेले त्याला पाच दिवस झाले असतील. मी अल अमेरातला घरी आमटीला फोडणी घालत होते, तेव्हा त्यांचा फोन आला. मला वाटलं, सर्व्हरची चौकशी असणार. तर म्हणाले, नात झाली. मी गॅस बंद केला. बाळ-बाळंतीण कशा आहेत, विचारलं.

"दोघी बऱ्या आहेत," ते म्हणाले. "तिकडच्या नोकरीपायी माझी तिन्ही पोरं ती चालायला लागल्यावरच मी बघितली, बाय. एवढं लहान मूल आज पहिल्यांदा हातात घेतलं."